देणगीदाराचं नाव कोणापासून लपवायचं?

राजकीय पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळावं की नाही, यावर आपल्याकडे दोन मतं आहेत. दोन्ही मतं मनापासून बाळगणारी माणसं मला ठाऊक आहेत. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा अनेकांना वाटलं की वाद मिटला. तो मिटलेला नाही. एक योजना रद्द झाली, पण देणगीदाराच्या गोपनीयतेचा प्रश्न शिल्लक राहिला. पक्षांनी काढलेल्या कर्जांकडे तर अजून कोणी नीट पाहिलेलंच नाही.

म्हणून हा संवाद. मामा इचलकरंजीचे करसल्लागार, यंत्रमागवाल्यांच्या वह्या लिहिण्यात त्यांची हयात गेलेली. भाची पुण्यात वकिली करते. माणसं कल्पित आहेत, पण त्यांचे युक्तिवाद आपल्या आसपास रोज चालतात.

मामा : रोखे गेले म्हणून तुम्ही वकील मंडळी खूश झालात. पण त्याआधी पैसा कसा जात होता ते आठव. पिशवीतून. देणाऱ्याकडे पावती नाही, घेणाऱ्याकडे नोंद नाही. अरुण जेटलींनी २०१७च्या अर्थसंकल्पात रोख्यांची कल्पना मांडली, तेव्हा निदान पैसा बँकेतून फिरणार हे तरी ठरलं. स्टेट बँकेच्या ठराविक शाखा, केवायसी झालेला खातेदार, १५ दिवसांत वटवायचा रोखा. पांढरा पैसा द्यायला तयार झालेल्या माणसाने बदल्यात एकच गोष्ट मागितली, माझं नाव चव्हाट्यावर आणू नका. त्यात काय चुकलं?

भाची : पांढरा म्हणजे कर भरलेला, एवढंच ना? मग कर भरलेल्या पैशाने लाच देता येत नाही का? पैसा कुठून आला याचं उत्तर बँक देते. कशासाठी आला याचं उत्तर बँकेजवळ नसतं. ते हवं असेल तर नाव, तारीख आणि त्यानंतर सरकारने घेतलेले निर्णय, हे तिन्ही शेजारी मांडून बघावे लागतात.

मामा : चेकने आलेला पैसा पांढराच असतो असं मीही म्हणणार नाही. आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगतो. नोंदणी आहे पण मान्यता नाही, अशा एखाद्या पक्षाला चेक द्यायचा, त्यावर प्राप्तिकरात वजावट घ्यायची आणि कमिशन कापून उरलेली रोख परत घ्यायची. प्राप्तिकर खात्याने असे कितीतरी दावे पकडलेत. पण तू ‘लाच’ हा शब्द फार लवकर उच्चारतेस. भीती हा शब्दही आहे. आमच्या पेठेतला एखादा कारखानदार विरोधी उमेदवाराला पन्नास हजारांचा चेक द्यायला कचरतो. उद्या महापालिकेचा माणूस दारात, परवा वीज कंपनीचं पथक, तेरवा करखात्याची नोटीस. आदेश कोणी दिला हे कधीच सिद्ध होत नाही. असा माणूस म्हणतो, नकोच ती पावती, रोख घ्या आणि मला विसरा.

भाची : ही भीती खरी आहे, मामा. न्यायालयानेही ती उडवून लावलेली नाही. कोणत्या पक्षाला पैसे दिले हा माणसाच्या राजकीय मताचा भाग आहे आणि त्यालाही खासगीपणाचं संरक्षण आहे, असंच निकालात म्हटलंय. प्रश्न असा की हे पांघरूण मिळालं कोणाला? रोखे १,०००, १०,०००, १ लाख, १० लाख आणि १ कोटी अशा पाच रकमांचे होते. तीस वेळा विक्री झाली, मिळून सुमारे १६,५१८ कोटी रुपयांची. त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. तुमच्या पेठेतला पन्नास हजारवाला त्या हिशेबात हाताला लागत नाही.

मामा : हजाराचा रोखाही होताच की. कोणी घेतला नाही हा योजनेचा दोष नव्हे.

भाची : हजार रुपये देणाऱ्याला रोख्याची गरजच नव्हती. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही, हा नियम आधीपासून आहे. लहान माणसाची गोपनीयता कायद्याने राखलीच होती. रोख्यांनी नवं काय केलं, तर तीच सवलत कोट्यधीशाला आणि कंपनीला दिली. वर कंपनी कायद्यातली मर्यादा काढून टाकली. त्याआधी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नव्हतं. २०१७ नंतर तोट्यातली कंपनीसुद्धा हवं तेवढं देऊ शकत होती, आणि कोणत्या पक्षाला दिले हे हिशेबात दाखवायचीही गरज उरली नव्हती. तुम्ही आयुष्यभर ताळेबंद तपासलेत. तोट्यातली कंपनी कोटींची देणगी दाखवते, तर तुमचा पहिला प्रश्न काय असेल?

मामा : हा पैसा नक्की कोणाचा, असं विचारीन. हे मान्य.

भाची : आणि कंपनीचा पैसा म्हणजे मालकाच्या खिशातला पैसा नव्हे. हा वाद मुंबईत फार पूर्वी होऊन गेलाय. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या उद्देशपत्रात बदल करायचा होता आणि एका भागधारकाने हरकत घेतली. १९५७ साली मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर प्रकरण आलं. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून न्यायालयाने बदलाला परवानगी दिली. पण हा प्रघात लोकशाहीला घातक ठरू शकतो, संसदेने यात लक्ष घालावं, असा इशारा छागलांनी निकालातच देऊन ठेवला. १९६० साली कायद्यात दुरुस्ती झाली. देणगीला मर्यादा आली आणि कोणत्या पक्षाला किती दिले ते नफातोटा पत्रकात दाखवणं सक्तीचं झालं. त्या वाटेवरून आपण २०१७ साली मागे फिरलो.

मामा : मधली पायरी गाळू नकोस. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली, ती १९८५ पर्यंत टिकली. त्या सोळा वर्षांत निवडणुका थांबल्या? पैसा थांबला? तो सगळा रोखीत गेला. कायदा फार कडक केला की पैसा कायद्याच्या बाहेरून वाट काढतो, हे आमच्या पिढीने पाहिलंय. म्हणून मला गुप्ततेची सवलत परवडते, पिशवी परवडत नाही.

भाची : मग ही सवलत सगळ्यांपासून सारखी गुप्त होती का, ते बघू. रोख्याच्या कागदावर नाव नव्हतं. पण प्रत्येक कागदावर साध्या नजरेला न दिसणारा एक क्रमांक होता, अतिनील दिव्याखाली धरला की दिसायचा. पूनम अगरवाल या पत्रकाराने २०१८ मध्ये रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा ते उघडकीला आलं. विकत कोणी घेतला आणि वटवला कोणी, ही दोन्ही टोकं बँकेजवळ होती. बँक सरकारी. देणाऱ्याने आपल्या हाताने रोखा नेऊन दिला, तर पक्षालाही नाव कळणारच होतं. मग कळत नव्हतं कोणाला? निवडणूक आयोगाला आणि मतदाराला.

मामा : सरकारने बँकेकडून नावं काढून घेतली याचा पुरावा आहे का तुझ्याकडे?

भाची : नाही, आणि तसा आरोप मी करत नाही. मी नियमाबद्दल बोलतेय. ज्याला सूडाची भीती वाटते त्याला ती सत्तेची वाटते. मग सत्तेच्या हाताला लागू शकेल आणि जनतेला मात्र दिसणार नाही, अशी गुप्तता त्याला कोणतं संरक्षण देते? रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच या योजनेला हरकत घेतली होती. देणग्यांच्या पारदर्शकतेत हे मागे नेणारं पाऊल आहे, असं निवडणूक आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात कायदा मंत्रालयाला लेखी कळवलं होतं.

मामा : बरं, आपला देश बाजूला ठेव. गुप्तता कधीच योग्य नसते असं म्हणत असशील, तर उत्तर आयर्लंडकडे बघ. ब्रिटनमध्ये २०००च्या कायद्याने पक्षांच्या मोठ्या देणगीदारांची नावं जाहीर होऊ लागली, पण उत्तर आयर्लंड त्यातून वगळलं गेलं. तिथे तीस वर्षं बॉम्ब आणि गोळीबार चालला होता. अमक्या पक्षाला पैसे देणारा दुकानदार म्हणून नाव छापून आलं असतं, तर त्याचा जीव गेला असता. तिथे गुप्तता म्हणजे चैन नव्हती.

भाची : उदाहरण अगदी बरोबर निवडलंत. तिथे जिवाला धोका होता आणि सवलत द्यायलाच हवी होती. पण ती कशी दिली ते बघा. २००७ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या पक्षांनी देणग्या, आणि पुढे कर्जंही, ब्रिटनच्या निवडणूक आयोगाला कळवायची, आयोगाने देणारा पात्र आहे की नाही ते तपासायचं आणि नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. फोडलं तर तो गुन्हा. म्हणजे नियामकाला सगळं माहीत, जनतेला नाही. आपल्याकडे आयोगालाच अंधारात ठेवलं होतं.

मामा : म्हणजे गुप्ततेचा चांगला नमुना असू शकतो, एवढं तू मानतेस.

भाची : मानते. आणि चांगल्या नमुन्याचंही पुढे काय झालं तेही सांगते. २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाला बाहेर पडण्याच्या प्रचारासाठी कॉन्स्टिट्यूशनल रिसर्च कौन्सिल नावाच्या गटाकडून चार लाख पौंडांहून जास्त देणगी मिळाली. तिच्यातून या पक्षाने ‘मेट्रो’ या वृत्तपत्राला चार पानी वेष्टणाची जाहिरात दिली, सुमारे २ लाख ८२ हजार पौंडांची. हे वृत्तपत्र उत्तर आयर्लंडमध्ये वाटलंच जात नाही. दहशतीत जगणाऱ्या दुकानदारासाठी केलेली सवलत इंग्लंडमधल्या मतदाराला उद्देशून केलेल्या प्रचाराच्या कामी आली. त्या गटाकडे पैसा कुठून आला, ते लोकांना कळलं नाही. पुढे १ जुलै २०१७ नंतरच्या देणग्या आणि कर्जं तिथेही जाहीर होऊ लागली. पण आधीचं झाकलेलं झाकलेलंच राहिलं.

मामा : तू दोनदा कर्ज म्हणालीस. कर्ज आणि देणगी एका मापाने मोजायची? कर्ज परत करावं लागतं. ते देण्यात धरायचं असतं, उत्पन्नात नाही. बँकेने पक्षाला कर्ज दिलं म्हणून बँक काही देणगीदार होत नाही.

भाची : आता हिशेब तुम्ही तपासा. २००५ च्या ब्रिटिश निवडणुकीच्या सुमाराला मजूर पक्षाने श्रीमंत मंडळींकडून जवळपास १ कोटी ४० लाख पौंडांची कर्जं घेतली. बाजारभावाने व्याज लावलेलं कर्ज जाहीर करायचं नाही, असा तेव्हा नियम होता, म्हणून सावकारांची नावं गुप्त राहिली. हुजूर पक्षानेही तशीच कर्जं घेतली होती. कर्ज दिलेल्यांपैकी काहींची नावं उमरावपदासाठी पुढे आली, तेव्हा बिंग फुटलं. आपल्याला या कर्जांची कल्पनाच नव्हती, असं मजूर पक्षाचे खजिनदार जॅक ड्रोमी यांनी मार्च २००६ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पोलिस तपास झाला, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला गेला. २००७ मध्ये कोणावरही खटला न भरण्याचा निर्णय झाला.

मामा : पक्षाच्या खजिनदारालाच माहीत नव्हतं?

भाची : त्यांचं म्हणणं तेच होतं. आता तुम्ही सांगा, असं कर्ज तुमच्या पक्षकाराच्या वहीत आलं असतं तर तुम्ही काय तपासलं असतं?

मामा : आधी करारपत्र मागितलं असतं. व्याजदर काय, तारण काय, परतफेडीची तारीख कोणती. मग बँकेचा उतारा काढून व्याज खरंच जातंय का ते पाहिलं असतं. तारीख उलटली, व्याज थकलं आणि तरी सावकार गप्प बसलाय असं दिसलं, की मी समजतो हे कर्ज नव्हे. कोणीतरी दिलेली देणगी कर्जाच्या नावाखाली ठेवलीय. आणि खरं बोलायचं तर कर्ज देणगीपेक्षा जास्त धोक्याचं. देणगी दिली की देणाऱ्याचा हात सुटतो. कर्ज दिलं की पक्षाची मान सावकाराच्या मुठीत राहते. उद्या वसूल करतो म्हणायचं की माफ करतो म्हणायचं, हे तोच ठरवणार.

भाची : ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून नेमकं हेच मागितलं. सावकाराचं नाव, रक्कम, व्याज, मुदत, तारण. अटी बदलल्या किंवा कर्ज मिटलं, तरी कळवायचं. आपल्याकडे उमेदवाराला खर्चाच्या हिशेबात कोणाकडून कर्ज घेतलं ते दाखवावं लागतं. पक्षाचं तसं नाही. पक्ष दरवर्षी आयोगाला २४-अ हा नमुना भरून देतो. त्यात नाव, पत्ता, पॅन, रक्कम, चेक की रोख असे रकाने आहेत. पण ते देणगीचे. कर्ज ताळेबंदातल्या एका ओळीत जाऊन बसतं.

मामा : ही ओळ उघडली पाहिजे. इथे मी तुझ्या बाजूने. पण आता माझं ऐक. २०,००० ची मर्यादा तू लहान माणसाचं संरक्षण म्हणालीस. बहुजन समाज पक्षाने वर्षानुवर्षे आयोगाला कळवलंय की २०,००० च्या वरची एकही देणगी आली नाही. वस्तीतला माणूस शे-दोनशे देतो, असं त्यांचं म्हणणं. उद्या पारदर्शकतेच्या नावाने प्रत्येक पावतीवर पॅन मागितलात, तर गरिबांचे पक्ष मरतील आणि कंपन्यांचे जगतील.

भाची : प्रत्येक पावतीवर पॅन मला नकोच आहे. लहान रक्कम झाकलेली राहू दे. पण एकाच माणसाच्या १९,००० च्या दहा पावत्या फाटल्या, तर वर्षाची बेरीज धरायची. आपलं गणपती मंडळ मोठ्या वर्गणीदारांची नावं फलकावर लावतं आणि दहा रुपये टाकणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. यात कोणाला अन्याय वाटत नाही, कारण रक्कम वाढली की मंडळावरचा हक्कही वाढतो हे सगळ्यांना कळतं. पक्षांनाही तोच न्याय लावा.

मामा : मंडळाच्या फलकावर नाव आलं म्हणून कोणावर धाड पडत नाही. पक्षाच्या यादीत आलं की पडू शकते. तिथे तुझं उत्तर काय?

भाची : तिथेच माझं सगळ्यात पक्कं उत्तर आहे. रोख्यांचे तपशील उघड करायला स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ११ मार्च २०२४ ला ती नाकारली आणि १४ मार्चला याद्या आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या. सर्वात मोठी खरेदीदार होती फ्यूचर गेमिंग ही लॉटरी व्यवसायातली कंपनी, १,३६८ कोटींची. एप्रिल २०१९ नंतर सर्वाधिक रक्कम वटवली भारतीय जनता पक्षाने, सुमारे ६,०६० कोटी. मग पत्रकारांनी काय केलं? रोखे घेतल्याच्या तारखा आणि तपास यंत्रणांच्या कारवाईच्या तारखा शेजारी मांडल्या. कोणावर आधी कारवाई झाली आणि मग त्याने रोखे घेतले, हे पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक ठिकाणी दबावच होता असं मी म्हणत नाही. विशेष तपास पथक नेमायला न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ ला नकार दिला. पण कोणावर दबाव आला का, हा प्रश्न विचारता आला तो नावं बाहेर आली म्हणूनच. तुमच्या कारखानदारावर सूड उगवला गेला, तर तो सिद्ध करायलाही देणगीची तारीख जगाला माहीत असावी लागते. अंधारात सूडही लपतो.

मामा : हे मला पटतं, पण पुरतं नाही. सूड दिसला म्हणून थांबतोच असं नाही. नाव जाहीर करा म्हणणाऱ्यांनी, त्या नावाच्या माणसाला दाद कुठे आणि किती दिवसांत मिळेल, तेही सांगितलं पाहिजे. आणि आणखी एक. रोखे गेल्यावर पैसा आता इलेक्टोरल ट्रस्टमधून जातोय. ट्रस्टला कोणी दिले ते कळतं, ट्रस्टने कोणाला दिले तेही कळतं. पण अमक्या कंपनीचा रुपया तमक्या पक्षाकडे गेला, हा धागा बऱ्याचदा तुटतो. याकडे तुम्हा मंडळींचं लक्ष दिसत नाही.

भाची : लक्ष हवं, हे खरं. आणि वेळेकडेही हवं. देणग्यांचे तपशील वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी जातात. तोवर मतदान होऊन सरकार बसलेलं असतं. मत दिल्यावर कळलेलं नाव मतदाराच्या काय उपयोगाचं?

दोघांचं बोलणं इथे थांबतं. मला स्वतःला भाचीचं म्हणणं अधिक पटतं, पण मामांची अट गाळून ते पुरं होत नाही. ठरावीक रकमेच्या आतला देणगीदार माणूस असेल तर त्याला झाकावं, कंपनीला कधीही झाकू नये. कर्ज आणि देणगी एकाच नियमाखाली आणावी आणि कर्जाच्या अटीही उघड असाव्यात. ट्रस्टमधून गेलेल्या रुपयाचं दुसरं टोक दिसावं. निवडणुकीच्या काळात नावं मतदानाआधी बाहेर यावीत. आणि देणगीनंतर लगोलग कारवाई झाली अशी तक्रार कोणी केली, तर ती सत्तेच्या हाताबाहेरच्या यंत्रणेने ठरलेल्या मुदतीत ऐकावी. हे शेवटचं कलम नसेल, तर पैसा पुन्हा पिशवीत जाईल.

यातलं बरंचसं व्हायला संसद लागेल. एक गोष्ट मात्र आजही होऊ शकते. रोख्यांच्या वेळी बहुतेक पक्षांनी देणाऱ्यांची नावं आयोगाला सांगितली नाहीत. द्रमुक, अण्णा द्रमुक आणि धर्मनिरपेक्ष जनता दल यांनी सांगितली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतलेच नाहीत. म्हणजे ज्याला सांगायचं होतं त्याला तेव्हाही कोणी अडवलं नव्हतं. आपल्या मोठ्या देणगीदारांची आणि सावकारांची यादी मतदानाआधी स्वतःहून प्रसिद्ध करायला आजचा कोणताही कायदा कोणत्याही पक्षाला मनाई करत नाही. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडे आपण ती यादी मागितली पाहिजे, आणि आपल्या आवडत्या पक्षाकडे सर्वात आधी.